ताई, मॉरिशसच्या कागदांसाठी तुमचे आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

घरी येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. आपल्या देवगड-मालवण पट्ट्यातून परदेशी निघालेल्या कुणाला यातलं काही उपयोगी पडलं, तर तेही तुमचंच देणं.

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेऊन मला मॉरिशसला मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीची नोकरी लागली, तेव्हा घरात आनंद होता तेवढीच धास्ती होती. एका एजंटाने "सगळं करून देतो" म्हणत मोठी रक्कम सांगितली. पैसे कशाकशाचे, ते मात्र सांगेना. तुम्ही तिकडे नोकरी करून परत आलेल्या, म्हणून बाबांनी मला तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही माझी फाईल पडवीत पसरलीत, नोकरीचं पत्र बाजूला सारलंत आणि जन्मदाखला उचललात. म्हणालात, "पयला नाव बग, मगे बाकीचा."

जन्मदाखल्यावर बाबांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन 'ई' होते, पासपोर्टवर एक 'आय'. जन्मठिकाण एकीकडे आमचं गाव, दुसरीकडे देवगड. इथे कुणी याकडे ढुंकून पाहत नाही. तिकडे मात्र फाईल पाहणाऱ्याला आपण माहीत नसतो, त्याच्यासमोर फक्त कागद असतात, हे तुम्ही मला नीट पटवून दिलंत. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 च्या कलम 15 खाली निबंधकाकडे नोंद दुरुस्त करून मिळते, म्हणून तुम्ही मला आधी ग्रामपंचायतीत पाठवलंत. अर्जाचा मसुदा तुमच्या हातचा होता. सोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडायला लावलात. ती दुरुस्ती झाल्याशिवाय पुढचा एकही कागद तुम्ही काढू दिला नाहीत, आणि घाई करणाऱ्या बाबांनाही तुम्हीच थोपवलंत.

पदवी प्रमाणपत्राचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून लागणारं शिक्कामोर्तब, हा दुसरा डोंगर. आधी मुंबईच्या मंत्रालयातून साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. परराष्ट्र मंत्रालय 2012 पासून असे कागद सर्वसामान्यांकडून थेट घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फतच घेतं. त्या संस्थांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते आणि ती तिथेच पाहायची, हे तुम्ही बजावलंत. भारत 2005 पासून अपोस्टिल करारात आहे, मॉरिशसही आहे, त्यामुळे वर पुन्हा दूतावासाचा शिक्का लागत नाही. एजंटाच्या हिशोबात तो शिक्का धरलेला होता! पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे आपल्यावर गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला, मात्र तुम्ही शेवटी काढायला सांगितलंत, कारण फार आधी काढलं तर अर्जाच्या वेळी ते जुनं ठरतं.

परवान्याचं गणितही तुमच्यामुळेच उलगडलं. मॉरिशसला 2006 च्या कायद्याने ऑक्युपेशन परमिट आलं. काम करण्याची आणि राहण्याची परवानगी एकाच परवान्यात मिळते. अर्ज ऑनलाइन, तिथल्या सरकारच्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाकडे. माझ्यासारख्या नोकरदारांसाठी किमान पगाराची अट आहे आणि ती मूळ पगारावर मोजतात. घरभाडं, प्रवासभत्ता धरत नाहीत. करारनामा तुम्ही ओळ न् ओळ वाचलात आणि मूळ पगाराच्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारून म्हणालात, "हा आकडा आजच्या अटीशी ताडून बघ, अट बदलत असते." पर्यटक म्हणून उतरून कामाला लागायचं नाही, हे तर तुम्ही मला दारातून निघतानाही पुन्हा ऐकवलंत. तत्त्वतः मंजुरी आली, मग तिथे पोचल्यावर मूळ कागद दाखवणं, रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे. हा परवाना त्या नोकरीलाच बांधलेला असतो, नोकरी बदलली की नव्याने अर्ज. नवरा-बायको, मुलं न्यायची तर आश्रित म्हणून त्यांचे अर्ज वेगळे.

पण सगळ्यात जास्त ऋणी आहे ती आमच्या आंब्याच्या कलमांच्या बाबतीत. आमच्या बागेला लागून असलेला तुकडा बाबा माझ्या नावाने घेणार होते, "जाऊन ये, मग सावकाश खरेदीखत करू" म्हणत होते. तुम्ही त्यांना समोर बसवून सांगितलंत की मुलगी एकदा परदेशात रहिवासी ठरली की नागरिक भारताची असली तरी शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस तिला विकत घेता येत नाही. आधीची ठेवता येते, वारसाने येणारी घेता येते. खरेदी मी निघण्याआधी झाली, सातबाऱ्यावर नाव लागलं. माझ्या वतीने व्यवहार करता यावेत म्हणून बाबांच्या नावे कुलमुखत्यारपत्रही दुय्यम निबंधकाकडे इथेच नोंदवून घेतलं. तिकडून करायचं म्हटलं असतं तर भारतीय उच्चायुक्तालयात जाऊन सही करा, कागद इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरा, हे सगळं आलं असतं. बँकेतलं बचत खातंही एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं इथलं खातं, करून घ्यायचं असतं, हे मला बँकेत कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. कुठल्याही एजंटाच्या यादीत या गोष्टी नसतात, कारण त्याचं काम विमानतळाशी संपतं. तुम्ही मागे राहणाऱ्या माणसांचाही विचार केलात.

पोर्ट लुईला तुम्ही सांगितल्याप्रमाणे आप्रवासी घाट पाहून आले. 1834 पासून तिथे हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले, त्यांत आपल्या रत्नागिरीकडचेही होते. दगडी पायऱ्या अजून आहेत. त्या माणसांना करारात काय लिहिलंय ते वाचून दाखवणारं कोण होतं, असं तिथे उभी असताना मनात आलं, आणि तुमची फार आठवण झाली. त्यांच्या वंशजांनी मराठी जपली आहे, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. माझ्या शेजारच्या आजी आरती म्हणतात ती ऐकून आई फोनवर रडली.

ताई, आंब्याच्या हंगामासाठी गावी आले आहे, तोवर एक काम टाकते आहे तुमच्यावर. आमच्या वाडीतल्या एका मुलाला मॉरिशसच्याच एका हॉटेलात नोकरी आली आहे. त्याचा करारनामा मी वाचला, मूळ पगार बसतो. जन्मदाखल्यावर आईचं नाव मात्र वेगळं दिसतंय. तेवढं तुम्ही बघा. तिकडे उतरल्यावरचं सगळं माझ्याकडे लागलं.

तुमची लहान बहीण