हरित तंत्रज्ञानाच्या बातमीसोबत पाण्याचा हिशेबही छापावा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

कळंब तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. गेली तीन वर्षे दर शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही वर्गात वर्तमानपत्रातील विज्ञान किंवा पर्यावरणाची एक बातमी मोठ्याने वाचतो आणि तिच्यावर मुलांना जे प्रश्न पडतात ते फळ्यावर लिहून काढतो. वर्गातील बहुतेक मुले शेतकऱ्यांची आहेत. काहींचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. ही मुले यंत्र कसे दिसते हे फारसे विचारत नाहीत. त्याला पाणी किती लागते, ते आपल्याकडे चालेल का आणि त्याने घरच्या मालाच्या भावाचे काय होईल, हे विचारतात. हे प्रश्न ऐकत आल्यामुळे माझे मत असे झाले आहे की, हरित तंत्रज्ञानाच्या बातम्यांत मराठवाड्याच्या वाचकाला ज्याची सर्वांत अधिक गरज आहे तो पाण्याचा आकडाच बहुधा नसतो, आणि तो देणे वर्तमानपत्राला अवघड नाही. त्यासाठी हे पत्र.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू एकमेकांना जोडून त्यांनी असे स्फटिक घडवले की ज्यांच्या आत अतिसूक्ष्म पोकळ्यांचे जाळे असते. अशा पदार्थाच्या दोन-चार ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग सामावतो. यांपैकी काही पदार्थ रात्रीच्या हवेतील बाष्प धरून ठेवतात आणि दिवसा उन्हाने तापले की सोडतात, त्यामुळे वाळवंटाच्या हवेतूनही पिण्याचे पाणी मिळवता येते. ही बातमी आम्ही वाचली तेव्हा सप्टेंबरच्या अतिवृष्टीला जेमतेम दोन-तीन आठवडे झाले होते. मांजरा, तेरणा आणि सीनाकाठची सोयाबीन पाण्याखाली जाऊन कुजली होती, आणि कित्येकांच्या रानातील मातीच खरवडून गेली होती. एका मुलाने विचारले, “मॅडम, हवेतलं पाणी काढता येतं, मग रानात साचलेलं पाणी काढायचं काही कोणी का शोधत नाही?” त्याच्या घरची चार एकर सोयाबीन गेली होती. मला त्याला लगेच उत्तर देता आले नाही, आणि आजही माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही.

मग मी मुलांना याघी यांच्या लहानपणाविषयी सांगितले. जॉर्डनमधील अम्मान शहरात एका निर्वासित कुटुंबात ते वाढले. घरात वीज नव्हती, नळ नव्हता, आणि घरची माणसे व गुरे एकाच खोलीत राहत. हे ऐकताना वर्ग एकदम शांत झाला. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर आणि पुढे एकेका फेरीत पंचवीस लाख लिटर, तेव्हा ही मुले सहा-सात वर्षांची होती. घागरींची रांग त्यांना आठवते. त्यामुळे हवेतून पाणी काढणारा माणूस कोणत्या घरातून आला हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

त्यानंतर आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. वाळवंटी हवामानात झालेल्या प्रत्यक्ष चाचण्यांत अशा एक किलो पदार्थामागे दिवसाला साधारण पाव लिटर पाणी मिळाले आहे. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोजचे ५५ लिटर पाणी धरले जाते. म्हणजे पाच माणसांच्या घराला २७५ लिटर लागतील आणि त्यासाठी अकराशे किलो पदार्थ लागेल. दहा हजार लिटरच्या एका टँकरची जागा घ्यायची तर चाळीस हजार किलो. हा आकडा पाहून मुले नाउमेद होतील असे मला वाटले होते, पण तसे झाले नाही. पाव लिटरचे एक लिटर व्हायचे तर काय बदलावे लागेल, असे एका मुलीने विचारले. बाष्प धरण्याचे आणि सोडण्याचे चक्र दिवसातून एकदाच न फिरवता अनेकदा फिरवता आले तर पाणी वाढेल, हे मी सांगितल्यावर तो पुढचा सबंध तास याच चर्चेत गेला. विज्ञानाची खरी गोडी लागते ती अशा ठिकाणी. आम्ही वाचलेल्या बातमीत मात्र “हवेतून पाणी” एवढेच होते, पाव लिटर नव्हते.

इथेनॉलच्या बातम्यांवर आमच्या वर्गात सर्वांत जास्त वाद झाला, कारण तो प्रत्येकाच्या घरातला विषय आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते, ते अलीकडे आणले गेले आणि २०२५ मध्ये गाठलेही गेले. आयात तेल कमी लागते, धूर कमी होतो, शेतकऱ्याला पैसे मिळतात, हे सर्व बातम्यांत येते आणि त्यात तथ्य आहे. एका मुलाने उभे राहून सांगितले की कारखान्याला इथेनॉलचे पैसे लवकर मिळू लागल्यापासून घरी उसाचे बिल पूर्वीसारखे अडकत नाही. पण नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इथेनॉल मिश्रणाच्या आराखड्यातच असे नमूद आहे की उसातील साखरेपासून एक लिटर इथेनॉल मिळवायचे तर त्यामागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. मुलांनी लगेच भागाकार केला: असे इथेनॉल वापरले असेल तर २० टक्के मिश्रणाच्या प्रत्येक लिटर पेट्रोलमागे ५७२ लिटर पाणी. मळीपासून होणाऱ्या इथेनॉलचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण मळी साखरेबरोबर निघतेच, हेही मी त्यांना सांगितले. तरीही ज्या खोऱ्यात दहा वर्षांपूर्वी पाण्याची रेल्वे आली, तेथील वाचकाला हा आकडा कळायलाच हवा. २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्यावर त्या डिसेंबरात केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले होते. म्हणजे पावसाचा आणि या इंधनाचा संबंध सरकारनेही मान्य केलेला आहे.

यावर एका मुलीचे म्हणणे असे होते की ऊस नको, मक्यापासून इथेनॉल करावे, मक्याला पाणी कमी लागते. अलीकडे देशात इथेनॉलसाठी मका मोठ्या प्रमाणात वापरला जातोच. तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मग आमच्या सोयाबीनचा भाव का पडला?” या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असे तोपर्यंत माझ्याही मनात आले नव्हते. पुढच्या आठवड्यात शोधल्यावर कळले की धान्यापासून इथेनॉल काढल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, तो पशुखाद्य म्हणून स्वस्तात विकला जातो आणि सोयापेंडीशी स्पर्धा करतो. पेंडीची मागणी घटली की सोयाबीनच्या भावावर दबाव येतो. भाव पडण्याचे हे एकच कारण नाही, जागतिक बाजार आणि तेलाची आयातही त्यात आहे. परंतु २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून कमी दराने माल विकावा लागलेल्या घरातल्या मुलाने हरित इंधनाच्या बातमीवर हा प्रश्न विचारावा, यात मला मोठी आशा दिसते. अर्थ पुरवणीतील बातमी आणि पर्यावरणाच्या पानावरील बातमी त्याने स्वतः जोडली. हे काम खरे तर आपल्या दैनिकाचे होते.

कधी कधी एका शब्दाने सबंध समजूत बदलते. जुलै २०२५ मध्ये देशाच्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा आणि वायू यांव्यतिरिक्त स्रोतांची झाल्याचे जाहीर झाले. ही मोठीच मजल आहे. पण आमच्या मुलांनी वहीत लिहिले, “आता अर्धी वीज हरित.” सूर्य रात्री नसतो, वारा रोज सारखा नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत या स्रोतांचा वाटा साधारण एक चतुर्थांशच आहे. “क्षमता” आणि “निर्मिती” हे शब्द बातमीत वेगळे ठेवले असते तर ही चूक झाली नसती. पाण्याचा धागा याही बातमीत आहे. परळीचे औष्णिक वीजकेंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे मुलांना घरच्यांकडून माहीत होते. औष्णिक केंद्राला वाफ थंड करायला सतत पाणी लागते, सौर पटलांना फक्त पुसण्याधुण्यापुरते लागते, हा फरक लक्षात आल्यावर सौरऊर्जा आपल्या भागासाठी किती महत्त्वाची आहे हे त्यांना कोणत्याही घोषणेपेक्षा जास्त पटले.

सौर कृषिपंपाविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे. “मागेल त्याला सौर कृषिपंप” योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के रक्कम भरून पंप मिळतो. ज्याच्या वडिलांना वर्षानुवर्षे रात्रीच्या लाइटवर दारे धरायला जावे लागले, साप-विंचवाच्या भीतीने ज्याची आई दाराशी जागी बसली, त्या मुलाला दिवसा चालणाऱ्या पंपाचे मोल कोणी शिकवायला नको. त्याने वर्गात ते सांगितले तेव्हा कितीतरी मुलांनी माना डोलावल्या. तरी त्याच तासाला एका मुलीने दुसरी बाजू मांडली. शेजाऱ्याचा पंप ऊन आहे तोवर चालूच असतो, वीजबिल नसल्याने तो बंद करायचे कारण उरत नाही, आणि तिच्या विहिरीचे पाणी यंदा लवकर खाली गेले असे तिला वाटते. “वाटते” हा शब्द तिने स्वतःच वापरला. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि हा साठा मोठा नसतो. उपसा वाढला तर त्याचा परिणाम शेजारच्या विहिरीवर होऊ शकतो. तो झाला की नाही, हे मात्र मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

म्हणून या जानेवारीपासून आमच्या मुलांनी मोजायला सुरुवात केली आहे. दोरीला हातहातावर गाठी मारून, टोकाला दगड बांधून, दर रविवारी सकाळी पंप सुरू होण्याआधी आपापल्या विहिरीत दोरी सोडायची आणि काठापासून पाण्यापर्यंतची खोली वहीत लिहायची, एवढेच काम आहे. विहिरीवर सौरपंप आहे की लाइटची मोटार, हेही शेजारी लिहायचे. एखादे अनुमान काढण्यासाठी निदान दोन उन्हाळे जावे लागतील, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले आहे. राज्याच्या अभ्यासक्रमात नववी-दहावीला जलसुरक्षा आणि अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषय आहे. पुष्कळ ठिकाणी त्याचा प्रकल्प दुसऱ्याच्या वहीतून उतरवला जातो, आणि यात मी मुलांना दोष देत नाही. ज्या प्रकल्पाचे उत्तर आधीच ठरलेले असते तो उतरवलाच जाणार.

आपल्या दैनिकाकडे माझी विनंती अशी आहे. हरित हायड्रोजन असो, इथेनॉल असो किंवा सौरपंप असो, बातमीच्या खाली एका ओळीत त्याला लागणारे पाणी आणि एककासह खरा आकडा द्यावा. हायड्रोजनचेच पाहा: पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला रासायनिक समीकरणाप्रमाणे निदान नऊ लिटर पाणी लागते, हे बारावीचा विद्यार्थीही काढून दाखवील, २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन हे राष्ट्रीय उद्दिष्ट त्याच्या शेजारी ठेवले की वाचक स्वतः विचार करू लागतो. यासोबत पंधरवड्यातून एकदा, पाव पान का होईना, विद्यार्थ्यांच्या प्रश्नांसाठी द्यावे. उत्तरे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांकडून, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून, महावितरणच्या अभियंत्यांकडून मागवावीत. उत्तर अपुरे असेल तर तसे स्पष्ट छापावे. मुलांना ते चालते, उत्तरच न येणे चालत नाही.

भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. मार्चच्या नोंदी तालुकावार आपण छापल्या, तर आमच्या मुलांना आपल्या दोरीच्या गाठी त्यांच्याशेजारी ठेवून पाहता येतील. वर्गाने निवडलेले नऊ प्रश्न या पत्रासोबत जोडले आहेत. त्यांत पहिला प्रश्न रानात साचलेल्या पाण्याचा आहे.

आपली नम्र,
एक शिक्षिका
ता. कळंब, जि. धाराशिव