आधी यंत्र नीट, मग घरची फीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी स्पूलचे टेपरेकॉर्डर मांडलेले दिसतात. बहुतेक दिवाणखान्यात शोभेला ठेवायला जातात आणि त्याला कोणाची हरकत असायचे कारण नाही. घात होतो तो वेगळ्या ठिकाणी. यंत्र घरी येते, पुसले जाते आणि त्याच संध्याकाळी त्यावर आजोबांच्या कीर्तनाचे किंवा घरच्या बैठकीचे एकुलते एक स्पूल चढते. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला, कॅसेट १९६३ साली आली आणि घरोघरी पोचायला तिला आणखी बरीच वर्षे लागली. मधल्या काळात पुण्यात हौसेने जे ध्वनिमुद्रण झाले ते पाव इंची फितीवर. त्या फिती अजून माळ्यावर आहेत, आणि त्यांना सर्वात मोठा धोका न तपासलेल्या यंत्राचा आहे.

विकत घेताना ‘आवाज येतो का’ हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी सेलचा कप्पा उघडावा. धातूच्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी पूड असेल आणि पट्ट्या शाबूत असतील तर काम भागते. अल्कलाइन सेलची गळती क्षारीय असते, ती व्हिनेगरच्या बोळ्याने पुसावी. साध्या झिंक-कार्बन सेलची आम्लीय, तिला खायच्या सोड्याचे पाणी. पूड वायरच्या आत शिरलेली असेल तर मात्र यंत्र सोडून द्यावे. मग हेडशेजारी, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाशेजारी, पाहावे. तिथे कॅप्स्टन, म्हणजे फिरणारा पोलादी दांडा, आणि त्याला टेकणारा रबरी पिंच रोलर दिसला नाही, तर ते खेळण्यातले यंत्र समजावे. अशा यंत्रात फितीला फक्त रीळच ओढते; रिळावर फीत साचत जाते तसा वेग वाढत जातो, आणि त्यावरचे ध्वनिमुद्रण दुसऱ्या यंत्रावर कधीच सरळ वाजत नाही. हेडवरून नख फिरवावे. कडेला पायरी लागली तर हेड झिजलेले आहे, आणि त्याची भरपाई घरच्या दुरुस्तीने होत नाही.

घरच्या स्पुलाचा व्यास मोजूनच बाजारात जावे. ऊहर ४००० रिपोर्टसारख्या खांद्यावरच्या यंत्रात १३ सेंटिमीटरचे रीळ बसते. घरात १८चे असेल तर ते त्यावर चढणारच नाही. स्टेफान कुडेल्स्की यांच्या नाग्रा यंत्रावर मोठे रीळ झाकण उघडे ठेवून चालते, पण नाग्रा हाती लागणे हा नशिबाचा भाग. अमेरिकेहून आलेल्या विजेवरच्या यंत्रांबाबत जास्त सावध राहावे. ट्रान्सफॉर्मर लावून ११७ व्होल्ट मिळतात, ६० हर्ट्झ मिळत नाहीत. हर्ट्झवर वेग ठरणारी सिंक्रोनस मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सुमारे १७ टक्के हळू फिरते आणि हार्मोनियमच्या पांढरी चार पट्टीत गाणारी गायिका पांढरी दोनच्या आसपास ऐकू येते. बॅटरीवरच्या यंत्रांच्या डीसी मोटरला हा त्रास नाही.

पहिल्यांदा वीज देताना थेट २३० व्होल्टला लावू नये. रेडिओ दुरुस्त करणारे वापरतात तो सिरीज बोर्ड घ्यावा, त्यात यंत्राकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब. बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक. तसाच पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. ऊहरला पाच मोठे सेल लागतात, म्हणजे साडेसात व्होल्ट. तिथे करंट मर्यादित करता येणारा पुरवठा सहा व्होल्टवर ठेवून सुरुवात करावी. वर्षानुवर्षे पडून राहिलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात. गुणगुण, दबका आवाज, मध्येच खरखर यामागे बहुधा तेच असतात. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या तपकीर गल्लीत नवे मिळतात. मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्टेज तेवढेच किंवा थोडे जास्त घ्यावे आणि धन-ऋण बाजूंचा फोटो काढल्याशिवाय जुना उपटू नये.

खरी मेहनत रबराची असते. मोटरची गती चाकांना देणारा जुना बेल्ट वितळून डांबर होतो. बोटाला लागला तर साबणाने निघत नाही, आणि पुलीच्या खाचेत राहिलेला एक ठिपकासुद्धा प्रत्येक फेरीला सुराला हिसका देतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घेऊन, काडी पांढरी निघेपर्यंत पुसत राहावे. नव्या बेल्टसाठी पुल्यांभोवती दोरा फिरवून लांबी मोजावी आणि त्यातून पाच ते दहा टक्के वजा करावेत. फार घट्ट बेल्ट मोटरचे बेअरिंग खातो, सैल असला तर सूर डुलतो. घरातला रबरबँड लावण्याचा मोह टाळावा. चकाकणारा, कडक झालेला पिंच रोलर फीत धरत नाही. तो साबणाच्या पाण्याने पुसावा, तरी घसरला तर बदलावा. बेअरिंगला हलक्या मशीन ऑइलचा एकच थेंब पुरे. खोबरेल तेल कधीही नको, पुण्याच्या थंडीत ते थिजते आणि पुढे त्याचा चिकटा होतो.

हेडवरचा तपकिरी थर अल्कोहोलनेच काढावा आणि हेड पूर्ण वाळू द्यावे. हेडचे चुंबकत्व काढताना टेपरेकॉर्डर बंद हवा. डीमॅग्नेटायझर हातभर लांब धरून सुरू करावा, हळूहळू जवळ न्यावा, तितक्याच हळू दूर आणावा आणि मगच बंद करावा. जवळ असताना बंद झाला तर हेड उलट आणखी चुंबकीय होते.

वेग तपासायला महागडे उपकरण लागत नाही. रिकाम्या फितीवर ५ मीटर ७० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात. सेकंदाला ९.५ सेंटिमीटर वेगाला ते अंतर बरोबर ६० सेकंदांत सरायला हवे. ६४ सेकंद लागले तर सूर जवळपास एक पट्टी खाली, म्हणजे पांढरी दोनचा काळी एक झाला.

आता फीत. रीळ उजेडासमोर आडवे धरावे. थरांमधून उजेड आला तर ती ॲसिटेटची, नाही आला तर बहुधा पॉलिस्टरची. ॲसिटेट ठिसूळ होते आणि कट्कन तुटते. व्हिनेगरचा वास येत असेल तर ते रीळ बाकीच्यांपासून वेगळे ठेवून आधी त्याचीच नक्कल करावी. पॉलिस्टर तुटत नाही, ताणला जातो, आणि ताणलेला भाग कायमचा गेला. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरच्या काही फितींचा चिकट थर हवेतली ओल शोषून मऊ पडतो. अशी फीत हेडवर किंचाळते आणि तिथेच थर सोडते. किंचाळली की लगेच थांबवावे. ती ५०-५५ अंशांवर काही तास भाजून तात्पुरती वाचवता येते, पण ते प्रयोगशाळेच्या ओव्हनचे काम आहे, स्वयंपाकघरातल्या नव्हे. ॲसिटेट तर कधीच भाजू नये. तुटलेली फीत जोडायला सेलोटेप वापरू नये, तिचा गोंद शेजारच्या थरांत उतरतो. ४५ अंशांत कापून, चकचकीत पाठीवर स्प्लायसिंग टेप, म्हणजे फिती जोडायची खास पट्टी, लावावी.

प्रयोग करायचे तर कोऱ्या फितीवर करावेत. सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाला, टोके जोडलेले ९५ सेंटिमीटरचे वेटोळे पाच सेकंदांनी पुन्हा येते. दोन यंत्रे शेजारी ठेवून, एकच फीत दोन्हींतून नेऊन, एकावर मुद्रण आणि दुसऱ्यावर वादन केले, दोन हेडमधले अंतर ३८ सेंटिमीटर ठेवले, की दोन सेकंदांचा प्रतिध्वनी मिळतो. बासरीवर हे फार सुंदर वाजते. मात्र कॅसेटला पुसले जाऊ नये म्हणून मोडायची टिकली असते, तशी स्पूलला काहीच सोय नाही. लाल बटण दाबले गेले की जुना आवाज गेला.

संगणकावर घेताना हेडफोनच्या भोकातून नव्हे, पाच पिनांच्या डिन सॉकेटमधून घ्यावे. पिन २ अर्थिंगची, ३ आणि ५ बाहेर जाणारा आवाज. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलमध्ये ठेवावे. खरखर काढण्याची हौस नकलेवर भागवावी, मूळ फाइल तशीच राहू द्यावी.

पेठांमधल्या जुन्या ग्रंथालयांना आणि गायन संस्थांना एक विनंती. प्रत्येकाने नाही, पण काहींनी मिळून एक नीट केलेले यंत्र आणि ते चालवू शकणारा एक माणूस ठेवावा, म्हणजे माळ्यावरचे स्पूल घेऊन येणाऱ्याला जायला एक जागा होईल. पावसाळ्यात रिळे सिलिका जेलसह बंद डब्यात, उभी ठेवावीत, हे सांगायलाही तिथे कोणी असेल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे