५२५ पटींची दुर्बीण आणि सूर्याचा फिल्टर : तक्रार

प्रति, व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्याकडून घेतलेल्या दुर्बिणीबद्दल आज दुपारी तुमच्या माणसाशी पाचव्यांदा बोलणं झालं. आता फोन करणार नाही, म्हणून हे लेखी.

७६ मिमीचा आरसा, ७०० मिमी नाभीय अंतर, ४ मिमीचा आयपीस (डोळ्याशी लावायचं भिंग), त्यावर तीनपट बार्लो, म्हणजे चित्र आणखी मोठं करणारं जोडभिंग. ७०० भागिले ४, गुणिले ३, असा हिशेब करून तुम्ही खोक्यावर ५२५ छापलंत. एवढ्याशा आरशाला फार तर दीडशे पट झेपतात, पुढे सगळं धूसर होतं, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या आठवीतल्या लेकीला माहीत नव्हतं. तो आकडा बघूनच तिने साठवलेले पैसे काढले.

आकाश बघायला दुर्बीण वांगणीला नेली. ट्रायपॉड इतका लेचापेचा की फोकसच्या चाकाला बोट लागलं तरी चित्र थरथरतं, आणि थांबेपर्यंत गुरू बाहेर निसटलेला. २० मिमीचा आयपीस लावला की ३५ पटींतही गुरूचे चार चंद्र दिसतात, हे आम्हाला शेजारी उभ्या असलेल्या काकांनी सांगितलं. तुमच्या पत्रकात त्याची एक ओळ नाही. कृत्तिका तिने त्यांच्याच १०×५० च्या द्विनेत्रीतून पाहिल्या.

हे सगळं आज पुन्हा सांगितलं. तुमचा माणूस म्हणाला, "रात्री नीट दिसत नसेल तर दिवसा सूर्य बघा ना मॅडम, फिल्टर दिलाय सोबत."

"तो आयपीसमध्ये फिरवून बसवायचा?"

"हो, तोच."

मी म्हटलं, आरशाने एकवटलेलं ऊन त्या नखाएवढ्या काचेवर पडणार. ती तापून तडकली तर? माझ्या मुलीचा डोळा तिथेच असणार.

"आजवर कुणाची तक्रार नाही आली. आणि मॅडम, शेवटी खेळणंच आहे ते. एवढं काय मनावर घेता?"

आणि फोन ठेवला. मुलीच्या डोळ्याबद्दल विचारणाऱ्या आईला हे उत्तर! सूर्याचा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर लावतात, ऊन आत शिरायच्या आधीच अडवायला. दुर्बिणी विकणाऱ्याला हे मी सांगायचं?

पूर्ण पैसे परत हवेत. खोक्यावरचा ५२५ काढा, आणि तो फिल्टर प्रत्येक खोक्यातून आजच काढा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ट्रायपॉडचे व्हिडिओ आणि बिल तयार आहे.

दुर्बीण घेऊन जा. फिल्टर मात्र परत मिळणार नाही. तुम्ही तो दुसऱ्या कुणाच्या खोक्यात टाकाल.