रविवारची मीटिंग ११ वाजता, आणि एचआयव्हीच्या गोळ्यांबद्दल थोडं

सगळ्यांना नमस्कार, रविवारी सकाळी ११ ला नेहमीच्याच हॉलमध्ये भेटतोय, बाहेर बोर्ड लावणार नाही त्यामुळे बिनधास्त या. मागच्या वेळी एका ताईंनी पर्समधून गोळ्यांची बाटली काढली, आत कापूस ठासून भरलेला, का तर बसमध्ये खुळखुळ आवाज यायला नको. ते बघून मला दोन दिवस झोप लागली नाही हो. म्हणून यावेळी आधी मनाबद्दल बोलायचंय, झोप न येणं, सारखं रडू येणं, जेवण नकोसं होणं, सगळं. रात्री-अपरात्री फार जड झालं तर टेली मानसला (मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ वर फोन लावा, २४ तास चालू असतं, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

एआरटी सेंटरची (एचआयव्हीच्या उपचाराचं सरकारी केंद्र) गोळी फुकट आहे, बरं वाटतंय म्हणून मधेच सोडू नका प्लीज. रोज घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) टेस्टमध्ये दिसेनासा झाला आणि तसाच राहिला की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे घरी नीट सांगा, किती नवरा-बायको नुसत्या भीतीने लांब झोपतात. ओळखीत कुणाला एचआयव्हीची लागण व्हायचा धोका झाल्यासारखं वाटलं तर ७२ तासांच्या आत सरकारी हॉस्पिटल गाठायला सांगा, लागण टाळायचं २८ दिवसांचं औषध असतं, जितकं लवकर तितकं बरं. बाकी शंकांना १०९७, ही एचआयव्हीची सरकारी हेल्पलाइन.

हॉलमध्ये फोटो कुणीच काढायचे नाहीत. येताना शेवटचा व्हायरल लोडचा रिपोर्ट आणा, चहा आहे.