विन्या, डावखुऱ्या माणसाने कोणती पंपगन घ्यावी

नागपूर,
४ ऑगस्ट

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. मिनेसोटात राहून तुला बदकांच्या शिकारीची ओढ लागणार हे मला ठाऊकच होतं. शेजारचे लोक सोबत न्यायला तयार आहेत, तर अवश्य जा. पाचशे डॉलरच्या आत, दगा न देणारी पंपगन (पुढची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस बदलायची बंदूक) कोणती, हे तू विचारलंस. उत्तर आधीच देतो, कारणं मागून वाच: मॉसबर्ग ५००, बारा बोअर, तीन इंची चेंबर (काडतूस बसतं ती जागा), २८ इंची नळी, वापरलेली पण नीट राखलेली. उरलेले पैसे काडतुसांवर आणि सरावावर घाल.

पण दुकानात जाण्याआधी कागदाचं काम. तू अजून एच-वन-बीवर आहेस ना? मग हे नीट वाच. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक घेता येत नाही, जवळ बाळगताही येत नाही. त्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे शिकारीचा वैध परवाना. म्हणजे आधी परवाना, मग बंदूक. हा क्रम उलटा झाला तर तो गुन्हा ठरतो, आणि तुझ्या ग्रीन कार्डच्या रांगेत तुला ते अजिबात परवडणार नाही. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना परवान्याआधी बंदूक-सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तुलाही लागणार. तो अभ्यासक्रम याच महिन्यात उरकून टाक, कारण हंगाम सप्टेंबरच्या शेवटी उघडतो. परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो, तेव्हा नूतनीकरणाची तारीख वहिनीलाही सांगून ठेव. बंदूक परवानाधारक दुकानातूनच घे. कोणाच्या गॅरेजमधून रोखीने घेऊ नकोस, मग ती कितीही स्वस्त मिळो.

आता मॉसबर्गच का? पहिलं कारण तुझा डावा हात. कॉलेजात तू डावखुरी बॅटिंग करायचास, बंदूकही डाव्याच खांद्याला लावशील. बहुतेक पंपगनची सेफ्टी, म्हणजे चाप अडवून धरणारं बटण, चापाजवळ आडवी असते आणि उजव्या हाताच्या बोटाने ढकलायची असते. डावखुऱ्याला ते अवघड जातं, आणि बदक डोक्यावर आलं असताना अवघड गोष्ट नको. मॉसबर्ग ५००ची सेफ्टी वर, दस्त्याच्या मुळाशी, अंगठ्याखाली असते. उजवा काय, डावा काय, दोघांना सारखीच. ती पुढे आहे की मागे, हे नुसत्या नजरेने कळतं. रिकामं काडतूस उजवीकडे, म्हणजे तुझ्या तोंडासमोरून उडेल. दोन दिवसांत त्याची सवय होते. खालून काडतूस टाकणारी ब्राउनिंग बीपीएस डावखुऱ्यांसाठी खरोखर सुंदर बंदूक आहे, पण जड आहे आणि तुझ्या पैशात बसणं कठीण.

दुसरं कारण यंत्राचं. तू विचारलंस, रिसीव्हर (यंत्र असतं तो मधला सांगाडा) ॲल्युमिनियमचा आहे, टिकेल का? आपण दोघांनी व्हीएनआयटीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर दिवस काढलेत, तेव्हा तुला हे लगेच पटेल. बार उडतो तेव्हा बोल्टचा (काडतुसामागे चेंबर बंद करणाऱ्या भागाचा) लॉक नळीच्याच पोलादी मागच्या भागात अडकलेला असतो. दाब पोलादावर येतो, ॲल्युमिनियमवर नाही. रिसीव्हर फक्त चालत्या भागांना जागेवर धरून ठेवतो. ही रचना १९६०च्या सुमारास बाजारात आली आणि अजून तशीच आहे. रिकामं काडतूस ओढून काढायला दोन एक्स्ट्रॅक्टर (आकडे), पुढच्या मुठीपासून बोल्टपर्यंत दोन दांड्या. हातमोजे घालून काडतूस भरताना तिचा उचलणारा पत्रा वर सरकलेला असतो, त्यामुळे अंगठा चिमटत नाही. पहाटेच्या अंधारात, बोटं बधीर झालेली असताना या गोष्टीची किंमत कळते. मी तिथे असताना हीच बंदूक वापरत होतो. परत येताना विकावी लागली, त्याचं वाईट अजून वाटतं.

रेमिंग्टन ८७०चं नाव तुला सगळे सांगतील, आणि ते चुकीचं सांगत नाहीत. १९५०पासूनची बंदूक, एका पोलादी ठोकळ्यातून कोरलेला रिसीव्हर, एक कोटीहून जास्त विकल्या गेल्या. तिच्यातलीच जुनी, चांगल्या फिनिशची विंगमास्टर हाताला लागली तर तिचा पंप इतका गुळगुळीत चालतो की लोभ होतो. पण तिची सेफ्टी चापामागे आडवी आहे. डाव्या हातासाठी बदलून मिळते, म्हणजे वर आणखी खर्च. ८७०मधलीच स्वस्तातली एक्सप्रेस घेतलीस तर तिच्या खरखरीत फिनिशवर तेलाचा हात कायम फिरवावा लागेल, नाहीतर पाणथळीत ती गंज धरते. बेनेली नोव्हा ही चिखलपाण्यासाठीच जन्मलेली: दस्ता आणि रिसीव्हर एकसंध, आत पोलाद, वर पॉलिमर, साडेतीन इंची काडतूसही खाते. तुझ्या पैशात वापरलेली मिळू शकते, पण सेफ्टी पुन्हा आडवीच. सगळ्यांत स्वस्त म्हणजे मॅव्हरिक ८८, मॉसबर्गचीच धाकटी बहीण. अडीचशे डॉलरच्या आसपास नवीकोरी मिळते, कामाला पक्की. उजव्या हाताचा माणूस असतास तर तीच घे म्हणालो असतो.

साडेतीन इंची चेंबरच्या मागे मात्र लागू नकोस. हलक्या पंपगनमधून ते काडतूस खांदा सोलून काढतं, दुसऱ्या बाराला माणूस डोळे मिटतो, आणि मग बदक जखमी होऊन लव्हाळ्यात जातं. तीन इंची पुष्कळ झालं, मॅलार्ड बदकालाही आणि बेताच्या अंतरावरच्या कॅनडा गूज या मोठ्या हंसालाही.

छर्ऱ्यांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण नवखा माणूस इथे हमखास अडतो. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे अमेरिकेत १९९१पासून देशभर बंद आहेत. तळाशी पडलेले छर्रे बदकं खड्यांसोबत गिळतात आणि शिशाच्या विषाने मरतात; ती खाणाऱ्या गरुडांनाही ते विष चढतं. हा नियम मला मनापासून पटतो. आता छर्रे मुख्यतः पोलादाचे. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८ च्या जवळपास, म्हणजे त्याच आकाराचा दाणा हलका आणि वेग लवकर गमावणारा. म्हणून दाणा दोन नंबर मोठा घ्यायचा (नंबर जितका लहान तितका दाणा मोठा, आणि बीबी त्याहून मोठा): मॅलार्डला २ नंबर, टीलसारख्या लहान बदकाला ४ नंबर, गूजला बीबी. पोलाद शिशासारखं दबत नाही, म्हणून फार आवळ चोक (छर्रे फार पसरू नयेत म्हणून नळीचं तोंड आवळणारा भाग) नको. मॉडिफाइड, म्हणजे मध्यम आवळ, लाव, पहिला सगळा हंगाम तेवढ्यावर काढ. याच कारणासाठी जुनी, न बदलता येणाऱ्या फुल (सर्वांत आवळ) चोकची दुनळी कोणी प्रेमाने देऊ केली तरी पोलादी काडतुसांसाठी घेऊ नकोस.

जुन्या दुनळीवरून माझ्या आजोबांची आठवण झाली. भंडाऱ्याकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर ते हिवाळ्यात तलवार बदकं मारत, आणि घरात महिनाभर त्याच गोष्टी चालत. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतरही लहान शिकारीचे परवाने मिळायचे, ते १९९१च्या दुरुस्तीने संपले. आता मी पारडगावच्या तलावावर जातो ते दुर्बीण घेऊन, पट्टकादंब बघायला. तलवार बदक आणि थापट्या तुला मिनेसोटातही दिसतील, तीच जात. आपल्याकडे ते बंद आहे हेच योग्य, आणि तिथे हंगाम, मर्यादा आणि पैसा यांचा हिशेब चोख ठेवून चालतं, तेही मला योग्य वाटतं. फेडरल डक स्टॅम्प, म्हणजे पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी लागणारं केंद्रीय तिकीट, १९३४पासून आहे. तू २५ डॉलर देशील, त्यातल्या प्रत्येक डॉलरचे ९८ सेंट पाणथळ जागा राखायला जातात. तो घ्यायला विसरू नकोस. आणि मॅगझिनमध्ये लाकडी किंवा प्लॅस्टिकचा प्लग असला पाहिजे, म्हणजे बंदुकीत तीनच काडतुसं मावतील: एक चेंबरमध्ये, दोन मॅगझिनमध्ये. वापरलेल्या बंदुकीचा प्लग मागच्या मालकाने बरेचदा काढून टाकलेला असतो, तेव्हा आधी तो तपास.

दुकानात बाकी काय बघायचं? आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री कर, डोळ्यांनी आणि बोटाने. मग नळी काढून उजेडाकडे धर. आत खड्डे, बाहेर पोचा, काही नको. चोक हाताने सुटतो का बघ. गंजून बसलेला चोक म्हणजे नळीच बदलावी लागायची. मॅगझिनच्या नळीवर पोचा असेल तर काडतूस अडकेल. पुढची मूठ सरकवून बघ. थोडी खडखड असते, ती चालते, पण मध्येच अडता कामा नये. दुकानदाराला विचारून डमी काडतुसं भर आणि पंप करून सगळी बाहेर पडतात का बघ. आणि जाडं जाकीट घालून खांद्याला लाव रे बाबा! टी-शर्टवर बरोबर बसणारा दस्ता थंडीत लांब होतो आणि काखेत अडकतो. तुझी उंची बेताची, तुला हे नक्की जाणवेल.

पंपगन अडली तर दहातल्या नऊ वेळा दोष हाताचा असतो. पहिला बार झाला की माणूस घाईत मूठ अर्धवट मागे ओढतो, आणि काडतूस आतच राहतं. मूठ मागे ठोकायची, पुढे ठोकायची, संकोच करायचा नाही. घरी डमी काडतुसांवर रोज संध्याकाळी सराव कर, हातमोजे घालून. मग क्ले (हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या) फोडायला जा. आणि हंगामाआधी एकदा ४० यार्डांवर मोठा कागद लाव, त्यावर ३० इंची वर्तुळ काढ आणि तुझ्याच काडतुसाने बार टाकून बघ, दाणे कुठे आणि किती दाट पडतात. कागदावर मोठी भोकं राहिली तर तेवढ्या जागेतून जिवंत बदक जखमी होऊन निसटणार. तू ३०-३५ यार्डांच्या पलीकडे बार टाकू नकोस. माझे शेजारी, वयस्कर शेतकरी होते, मला सांगायचे की बदकाचे पाय दिसेपर्यंत थांब. तेच तुलाही सांगतो.

नोव्हेंबरमध्ये तिथे पाणी गोठायला लागतं. जाड ग्रीस पुसून काढ, पातळ तेलाचा नुसता हात फिरव, नाहीतर थंडीत ग्रीस घट्ट होऊन बोल्ट मंद चालतो. चालताना नळीत बर्फ किंवा चिखल गेला असेल तर बार टाकू नकोस, नळी फाटते. शंका आली की आधी बंदूक रिकामी कर, मग नळीत बघ.

शेवटचं घरातलं. परवा धरमपेठेत काकू भेटल्या. तू सांगितलंस त्यांना, पण त्यांची झोप उडाली आहे, नातीची काळजी. मी त्यांना शब्द दिलाय की बंदूक कुलपाच्या लोखंडी पेटीत राहील, काडतुसं वेगळ्या खोलीत वेगळ्या कुलपात, आणि किल्ली तुझ्याच खिशात. पेटी बंदुकीआधी विकत घे आणि तिचा फोटो काकूंना पाठव. बंदुकीचा भाव ठरवायच्या आधी मलाही नळीचे आणि रिसीव्हरचे फोटो पाठव. किमतीचं नंतर बघू, आधी माल बघू.

वहिनीला नमस्कार, पोरीला खूप आशीर्वाद. परवाना हातात पडला की लगेच कळव.

तुझा,
शिऱ्या