मॉनिटरच्या जाहिरातीत एसआरजीबीचा आकडा का नसतो?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

लग्नसराई जवळ आली की मॉनिटरच्या पानभर जाहिराती सुरू होतात. मोठ्या टायपात ठरलेलीच बिरुदे: 4के, एचडीआर, 165 हर्ट्झ, 1 मिलिसेकंद. शेवटची दोन गेम खेळणाऱ्या पोरांसाठी, पहिली दोन ऐकायला बरी. लग्नाचे फोटो एडिट करून करिझ्मा अल्बमला (पुस्तकासारख्या छापील अल्बमला) पाठवणाऱ्याला जो आकडा हवा, म्हणजे हा पडदा एसआरजीबी या ठरलेल्या रंगमापातले किती टक्के रंग दाखवतो, तो मात्र भिंग घेऊन शोधावा लागतो. मुंबईत घरच्या टेबलावर हे काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांचे पैसे भलत्या जागी जाऊ नयेत म्हणून हे पत्र.

एसआरजीबी हे रंगांचे माप एचपी आणि मायक्रोसॉफ्टने 1996 साली मांडले. कॅमेऱ्याची जेपीजी, फोटो छापणाऱ्या लॅबची मशिने, वेबसाइट यांचा बहुतेक व्यवहार आजही त्याच मापाने चालतो. मॉनिटरचे एसआरजीबी कव्हरेज 95 टक्क्यांच्या वर, जमल्यास 99 टक्के असावे. खोक्यावर बरेचदा त्याऐवजी ‘एनटीएससी 72%’ छापलेले असते. हे 1953 सालच्या अमेरिकन रंगीत टीव्हीचे माप. त्याचे 72 टक्के क्षेत्रफळाने साधारण एका एसआरजीबीएवढे भरतात, म्हणून असा मॉनिटर निदान पाहायला हरकत नाही. ‘एनटीएससी 45%’ दिसले तर खोके जागेवर ठेवून द्यावे. त्या पडद्यावर कुंकू विटकरी दिसते. ते लालभडक करायला गेलात की प्रिंटमध्ये नवरीचे गाल भाजल्यासारखे येतात. ‘एसआरजीबी 130%’ वाचूनही हुरळू नये. तो आकडा क्षेत्रफळाचा असतो, आणि एका बाजूला रंग सांडत असतानाच दुसऱ्या बाजूला कमी पडू शकतात. शब्द ‘कव्हरेज’च हवा.

पॅनेलचे (चित्र दाखवणाऱ्या पडद्याचे) नेहमीचे प्रकार आयपीएस, टीएन आणि व्हीए; त्यांतले आयपीएस घ्यावे, यात फार चर्चा नको. टीएन पॅनेलवर मान जरा वरखाली केली तरी सावल्या बदलतात. व्हीए पॅनेलचा काळा रंग सुरेख असतो (कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण 3000:1, आयपीएसचा 1000:1च्या आसपास), पण समोर बसून पाहतानाही कडेचा भाग डोळ्याला तिरका पडतो. ग्रुप फोटोत मधली आजी गव्हाळ आणि टोकाचा मामा फिकट दिसला, तर दोष लाइटिंगचा नसेलही. पॅनेल खरे 8 बिट आहे का, हेही विचारावे. स्वस्तातले पॅनेल 6 बिटचे असते: प्रत्येक रंगाच्या 256 ऐवजी 64च छटा, मधल्या छटा शेजारच्या दोन छटांची भराभर अदलाबदल करून भासवलेल्या. 10 बिट असले तर उत्तम, नसले तर अडत नाही.

आकाराचे थोडक्यात. 24 इंची फुल एचडीवर काम होते. 27 इंचीला 2560 गुणिले 1440 हे माप सर्वांत सोयीचे, इंचाला साधारण 109 पिक्सेल. 27 इंची 4केवर तेच 163 होतात. 100 टक्क्यांवर पाहिलेला फोटो इतका बारीक दिसतो की नॉइज (फोटोतले रवाळ दाणे) झाकला जातो आणि शार्पनिंगचा अंदाज चुकतो. 27 इंचीवर फुल एचडी मात्र घेऊ नये, दाणे दिसतात. ‘एचडीआर 400’च्या (उजेड-अंधारातला मोठा फरक दाखवण्याच्या) शिक्क्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. त्या प्रतीला पडद्याचा भाग-भाग वेगळा मंद करण्याची सक्तीच नाही.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर मॉलमध्ये, खिशात एक पेनड्राइव्ह असू द्या. त्यात सपाट एकेका रंगाच्या फायलींखेरीज तीन फायली: पूर्ण सपाट करडा रंग (आर, जी, बी तिन्ही 128), काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी करडी पट्टी, आणि आधीच प्रिंट काढलेला एक चेहऱ्याचा फोटो, तो प्रिंटही पडद्याशी ताडून पाहायला बरोबर. दुकानदाराला आधी पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वरून ‘एसआरजीबी’वर आणायला सांगा आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करायला लावा. मग करडा रंग पूर्ण पडद्यावर. एक कोपरा गुलाबी, दुसरा हिरवट दिसला तर तो नग नको. पट्टीत पायऱ्या पडल्या, किंवा करड्यात मधेच जांभळी झाक आली, तर तोही नको. शेवटी फक्त लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे एकेक रंग लावून मेलेले पिक्सेल शोधा. एखाद्या पिक्सेलवर कंपनी मॉनिटर बदलून देईलच असे नाही, त्यामुळे ही तपासणी बिल करण्याआधीची. एसआरजीबी मोडमध्ये ब्राइटनेस कमी-जास्त होतो का, हेही तिथेच पाहा. काही मॉनिटर तो अडकवून ठेवतात, आणि मग तो मोड असून नसल्यासारखा.

आता सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार: ‘लॅबने प्रिंट काळे काढले.’ लॅब बहुतेक वेळा निर्दोष असते. नवा मॉनिटर कारखान्यातून 250 ते 350 निट्स (निट हे पडद्याच्या उजेडाचे एकक) उजेड ओकत येतो. डोळे त्याला सरावतात, फोटो उजळ वाटतो, म्हणून आपण एक्सपोजर खाली ओढतो. कागदाला स्वतःचा उजेड नाही. खोलीतला उजेड जेवढा पडेल तेवढाच तो परत देणार. प्रिंटसाठी पडदा 80 ते 120 निट्सवर हवा. 300 आणि 100 यांत दीड स्टॉपहून जास्त अंतर आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे नवरदेवाच्या काळ्या शेरवानीवरची नक्षी जायला पुरेसे. मोजायचे यंत्र नसेल तर कोरा फोटो पेपर टेबलावरच्या उजेडात पडद्याशेजारी धरा आणि पडद्यावर पांढरे पान उघडा. पडदा दिव्यासारखा वाटत असेल तर कागदाशी जुळेपर्यंत ब्राइटनेस उतरवत जा. पुष्कळ मॉनिटरवर तो आकडा 20-30च्या घरात येतो. पहिले दोन दिवस पडदा आजारी वाटेल, मग सवय होते.

तरीही डोळ्याचा अंदाज तो अंदाजच. पैसे उरत असतील तर 4केवर न घालता कॅलिब्रेटर, म्हणजे पडद्याचे रंग मोजणारे यंत्र, घ्यावा. तीन-चार जणांत मिळून एक घेतला तरी चालतो, कारण महिन्याकाठी एकदाच लागतो. मॉनिटर आधी अर्धा तास चालू ठेवावा, नाइट लाइट (रात्री पडदा पिवळसर करणारी सोय) बंद करावा, व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची झाक) 6500 केल्व्हिन, गॅमा (मधल्या छटांचा उजेड) 2.2, उजेड 100 निट्स असे लक्ष्य द्यावे. यंत्र पडद्याला टेकवून शेकडो रंगचौकोन मोजते आणि प्रोफाइल, म्हणजे त्या पडद्याचे रंग सुधारण्याची फाइल, बनवते. डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मात्र 45 टक्केवाल्या पॅनेलमध्ये नसलेले रंग कॅलिब्रेटर कुठून आणणार? दुसऱ्याच्या मॉनिटरचे प्रोफाइल नेटवरून उतरवून लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या नंबरचा चष्मा घालणे.

खोलीकडे कोणी बघतच नाही. आपल्याकडे भिंती पिस्ता नाहीतर आकाशी, आणि टेबल जागा मिळेल तिथे. पाठीमागची खिडकी पडद्यात उमटते, दुपारी एक आणि संध्याकाळी एक असा फोटो दिसतो. टेबल खिडकीला काटकोनात ठेवावे, खिडकीचा पडदा ओढावा, मॉनिटरमागची भिंत पांढरी किंवा करडी करावी. एडिट करताना डोक्यावर पिवळा बल्ब नको. 5000 ते 6500 केल्व्हिनची ट्यूब चालते. पावसाळ्यात दिवसाही दिवा लावूनच बसावे, म्हणजे ढग आले-गेले तरी उजेड एकच राहतो. पडदा पुसताना पाणी मायक्रोफायबरच्या फडक्यावर घ्यावे, पडद्यावर फवारू नये. ओघळ खालच्या पट्टीत शिरतो आणि पॅनेल जाते.

अ‍ॅडोब आरजीबी (एसआरजीबीहून मोठे रंगमाप) दाखवणारे महाग मॉनिटर कोणाला लागतात? ज्यांचे काम ऑफसेट छपाईला जाते त्यांना. साड्यांचा कॅटलॉग करताना मोरपंखी पैठणीचा हिरवा-निळा काही वेळा एसआरजीबीच्या बाहेर पडतो, पण शाईत तो थोडाफार उतरू शकतो. लॅबला एसआरजीबी फायली देणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. विंडोजमध्ये प्रोफाइल न वाचणारी सॉफ्टवेअर अशा पडद्यावर रंग भडक दाखवतात आणि गोंधळ वाढतो. आणखी एक किरकोळ दिसणारी गोष्ट: एचडीएमआयने जोडल्यावर काळा रंग करडा वाटला, तर ग्राफिक्स सेटिंगमध्ये आउटपुट ‘लिमिटेड’ आहे का बघा आणि ‘फुल’ करा. लिमिटेडमध्ये 0 ते 255 ऐवजी 16 ते 235 एवढेच आकडे जातात.

दुकानदारांना विनंती एवढीच की किमतीच्या पट्टीवर पॅनेलचा प्रकार आणि एसआरजीबी कव्हरेज या दोन गोष्टी लिहाव्यात आणि एक नग तरी व्हिव्हिड मोड काढून मांडावा. आणि आपल्या जाहिरात विभागाने मजकूर घेताना ‘165 हर्ट्झ’च्या शेजारी तो टक्का मागून घेतला, तर वाचकांचे काम सोपे होईल.

आपला,
एक फोटो एडिटर, गिरगाव, मुंबई