नवा साप आधी वेगळ्या खोलीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भुसावळला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि घरी सहा वर्षांपासून एक बॉल पायथन मादी, म्हणजे आफ्रिकेतला बिनविषारी छोटा अजगर. सापाच्या पेटीला थर्मोस्टॅट (ऊब नेमकी राखणारं यंत्र) बसवून घ्यायला हौशी पोरं दुकानात येतात. गेल्या महिन्यात तिघांनी एकच विचारलं, "भो, दुसरा साप आणलाय, जुन्याच्या शेजारीच ठेवू ना?" नका ठेवू. त्यासाठीच हे पत्र.

मागच्या एप्रिलात मी तेच केलं. पिल्लू आणलं, त्याची पेटी मादीच्याच रॅकवर ठेवली. उंदीर द्यायचा चिमटाही दोघांना एकच. दहा-बारा दिवसांनी मादी दिवसभर पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसायला लागली. बाहेर ४४ अंश. तिलाही उकडत असेल, असं समजून मी कूलर वाढवला. आपल्या खान्देशात इथेच फसगत होते. आठवडा असा वाया गेला. मग भांडं धुताना तळाशी खसखशीसारखे काळे कण दिसले. ओला पांढरा रुमाल तिच्या अंगावरून फिरवला, तर रुमालावर तेच कण, आणि चालत होते! माइट्स. गोचिडीचे भाऊबंद. हनुवटीखालच्या खाचेत, डोळ्यांच्या कडेला, खवल्यांखाली शिरून रक्त पितात. त्या जाचाने साप पाण्यात जाऊन बसतो.

पिल्लू महिनाभरात गेलं. मादी वाचली, पण साडेतीन महिने तिने तोंडाला काही लावलं नाही.

म्हणून सांगतो, नवा साप दुसऱ्या खोलीत ठेवा. निदान ६० दिवस. मी ९० धरतो. पेटीत भुसा नको, पांढरा कागद अंथरा, म्हणजे किडा आणि विष्ठा लगेच दिसते. भांडं, चिमटा वेगळा. आधी जुन्याचं काम उरका, मग नव्याचं, आणि त्यानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय जुन्याकडे फिरकू नका. पहिला आठवडा त्याला हातात घेऊ नका. आणि ९० दिवसांनंतरही पेटी वेगळीच; बॉल पायथन एकटा राहणारा जीव आहे.

सापाची कागदपत्रं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बॉल पायथन साइट्सच्या (CITES, वन्य जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे. २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, मालक बदलला तरी कळवावं लागतं.

काही जण केळीच्या बागेत सापडलेली धामण किंवा मांडूळ 'कलेक्शन'मध्ये घालतात, त्याने मला फार त्रास होतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. शिवाय रावेर-यावलच्या शेतकऱ्याला विचारा, बागेतले उंदीर कोण आवरतं.

सध्या माझ्याकडे पुन्हा एक पिल्लू आहे, मागच्या खोलीत. आज ४१ वा दिवस. काल त्याने कात टाकली, नाकापासून शेपटीपर्यंत अखंड. उजेडात धरून डोळ्यांच्या जागा दोनदा तपासल्या. एकही काळा ठिपका नाही.

आपला,
एक वाचक, भुसावळ